कबरीच्या गळ्याखालची थैली सकाळीही टणकच, काय करू?

मानेवाडा, नागपूर:
घरामागे पाच कोंबड्या आहेत, तीन गावरान, दोन गिरिराज. त्यातली कबरी परवापासून पिसं फुगवून कोपऱ्यात बसून राहिली. ज्वारी टाकली की धावत येते, एखादा दाणा टिपते नि सोडून देते. मान सारखी लांबवते, वळवते. छातीच्या वर, उजव्या बाजूला लिंबाएवढा गोळा लागतो. रात्री वाटलं, पोटभर खाल्लं असेल. पण आज सकाळी साडेपाचला खुराडं उघडलं तरी गोळा तसाच. बाकी चौघींच्या थैल्या रिकाम्या, हाताला लागतही नाहीत. शीट थोडी, हिरवट. चार दिवसांत अंडं नाही.

शेजारच्या काकू म्हणतात, उलटी धरून दाब, सगळं बाहेर पडेल. माझा हात धजत नाही. हिची आई माझ्या आजीनं गावाहून पाठवली होती. लवकर सांगा कोणीतरी.

काटोल रोड:
ताई, उलटी धरू नका, हात जोडून सांगतो. माझी एक अशीच हातात गेली. थैलीतलं पाणी श्वासनळीत उतरलं, दोन मिनिटांत संपली.

हिंगणा:
ताई, तुम्ही सकाळी दाणा टाकायच्या आधी हात लावून पाहिला हे फार बरं केलं. संध्याकाळी थैली भरलेली असणारच, रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. आता दोन गोष्टी सांगा. बोटानं दाबलं तर कणकेसारखं लागतं की पाणी भरलेल्या फुग्यासारखं? चोच उघडली की आंबूस वास येतो का?

फुग्यासारखी आणि वासाची असेल तर आत बुरशी वाढली आहे. त्याला डॉक्टर वजनावरून बुरशीचं औषध देतात. आपल्या मनानं अँटिबायोटिकची पावडर पाजू नका, त्यानं बुरशी आणखी वाढू शकते.

मान वाकडी होणं, धाप लागणं असलं काही आहे का? बाकीच्याही सुस्तावल्या आहेत का? तसं असेल तर हे थैलीचं दुखणं नाही, मानमोडी, म्हणजे राणीखेत हा साथीचा रोग, असू शकते. मग आधी वेगळी ठेवा नि डॉक्टरला गाठा. नुसत्या हिरव्या शीटेनं घाबरू नका, उपाशी कोंबडीची शीटही हिरवी होते.

मानेवाडा:
दादा, कणकेसारखं. बोट दाबलं की खळगा राहतो. वास नाही. मान सरळ आहे, बाकी चौघी मजेत. एक आठवलं, मागच्या आठवड्यात अंगणातली हरळी विळ्यानं कापून खुराड्यात पसरली होती. हातभर लांब दोरे होते.

हिंगणा:
हरळीच अडकली असणार. कोंबडीला दात नाहीत, लांब दोरा तुटत नाही, थैलीत गुंता होतो.

आज दाणा बंद, पाणी ठेवा. खाली जाळी किंवा कागद, गवत-भुसा काही नको. थोडं खोबरेल चोचीच्या कडेनं थेंब थेंब सोडा, तिला स्वतः गिळू द्या. मग कुशीत सरळ धरून बोटांनी गोळा हलकेच चोळा, पाचेक मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. कणीक मळतो तसा जोर नाही, लोण्याच्या गोळ्याला हात लावल्यासारखं. उद्या सकाळी गोळा लहान झाला तर भिजवलेलं खाद्य चमचाभर द्या. तसाच असेल तर आणखी उपाशी ठेवू नका, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या.

आणि बारीक खडे देता का? शिंपल्याचा चुरा अंड्याच्या कवचासाठी, तो विरघळतो. दाणे दळायला पोट्यात, म्हणजे थैलीनंतरच्या दळणाऱ्या पोटात, टणक खडेच लागतात.

मानेवाडा (तीन दिवसांनी):
दादा, दुसऱ्या सकाळी फरक नव्हता. डॉक्टरांकडे नेलं. जागा सुन्न करून छोटा छेद दिला, आतून मूठभर हरळी निघाली, तिच्यात पोत्याचा नायलॉनचा दोरा गुंडाळलेला. तो पाहून मला रडूच आलं, कारण ते पोतं मीच खुराड्याला लावलं होतं. आज पोतं काढलं, हरळी खुरप्यानं खणून टाकली, खडे ठेवले. टाके सुकून राहिले. सकाळी थैली रिकामी होती, भिजवलेला भरडा दोनदा खाल्ला. आता खिडकीखाली टोपलीत आहे, माझा आवाज आला की कुकारते.