न्यूटला मराठीत 'पाणपाल' म्हणावं का?

तळ्याकाठी:
आम्ही इंग्लंडात राहतो. घरामागच्या छोट्या तळ्यात दर वसंतात न्यूट येतात. बोटाएवढा, पालीसारखा दिसणारा जीव, चपटी शेपटी. मादी पाणवनस्पतीच्या पानावर एकच अंडं ठेवते आणि मागच्या पायांनी पान दुमडून त्याची पुडी बांधते. मग दुसरं पान, दुसरी पुडी. ते बघताना मुलीने विचारलं, "आई, याला मराठीत काय म्हणतात?" मला सांगता येईना.

माझं मत, 'पाणपाल' म्हणावं. इंग्रजी नाव तरी कुठे धड आहे? जुना शब्द 'एफेटे', त्याचा झिजून 'एव्ट' झाला. लोक 'अ‍ॅन एव्ट' म्हणायचे. त्यातला 'न' 15व्या शतकाच्या सुमारास पुढच्या शब्दाला चिकटला आणि 'अ न्यूट' झालं. ही चूक इतकी शतकं टिकली, मग आपण विचार करून ठेवलेलं नाव का टिकू नये?

रानवाटा:
माझा सक्त विरोध. पाल सरपटणाऱ्यांतली, अंगावर खवले. न्यूट बेडकासारखा उभयचर, पिल्लांना कल्ले असतात. शिवाय आपल्याकडे पाल चुकचुकली की अपशकुन, दुधात पडली की विष. सापसुरळी बिनविषारी, पण नावात 'साप' आहे म्हणून तिला ठेचताना मी गावी पाहिलंय. नावापायी जीव जातो हो!

तळ्याकाठी:
सापसुरळीचं पटलं. पण पाणमांजर मांजर नाही, खवल्या मांजरही नाही, देवमासा मासा नाही. तरी कुणाचा गोंधळ होतो का?

शब्दवेडा:
त्या 'न'ला चूक म्हणू नका, बोलीत असं होतंच. उलटही झालंय: 'अ नेप्रन'चा 'अ‍ॅन एप्रन' झाला. (आपल्या नारिंगाचा 'ऑरेंज' होतानाही 'न' गळला, पण तो इंग्लंडला पोचण्याआधीच.)

आणि जुनं नाव मेलेलं नाही. 'एफ्ट' म्हणजे जमिनीवर राहणारा कोवळा न्यूट. अमेरिकेच्या पूर्व भागात अशी शेंदरी पिल्लं पाणी सोडून दोन-तीन वर्षं जंगलात काढतात, मग पाण्यात परततात. त्यांना 'पाण' कसं लावणार? महाराष्ट्रात न्यूट नाहीत, म्हणून आपल्याकडे शब्द नाही. त्यात कमीपणा कसला? भारतात न्यूट ईशान्येकडे आणि दार्जिलिंगकडे आढळतो. तिथे जोरपोखरीला त्याच्यासाठी अभयारण्य आहे आणि तेही 'सॅलॅमँडर' (न्यूट ज्या गटात येतो तो गट) याच नावाने. मराठीत 'न्यूट'च राहू द्या.

तळ्याकाठी:
'न्यूट' सांगितलं तर मुलीला नवीन काय मिळालं? तो शब्द तिला शाळेतच मिळतो. मला तिला आपला शब्द द्यायचाय. तिने आपणहून 'पुडीवाली' म्हणायला सुरुवात केलीय, आणि मला ते 'पाणपाल'पेक्षा आवडलं.

रानवाटा:
पुडीवाली छान आहे, त्यात 'पाल' तर अजिबात नाही. पण नराचं काय? तो पुड्या बांधत नाही. वसंतात त्याच्या पाठीवर नागमोडी तुरा उभा राहतो, तोही दाखवा तिला.