टेक्सासमध्ये ट्रॅफिक पोलिसाने इमिग्रेशन स्टेटस विचारलं तर? २८७(जी) करार, कागदपत्रं आणि ९११

नीलांबरी_डी

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. नवरा एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), मी एच-४वर (त्याच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराचा). जूनमध्ये सासू-सासरे बी-२ (पर्यटक) व्हिसावर साताऱ्याहून येणार आहेत. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं आणि रोज संध्याकाळी ते पायी फिरायला जाणारच. नवऱ्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली आहे, पण एक्स्टेन्शन मंजूर आहे. इथल्या शेरीफांनी (काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे पोलीसप्रमुख) आयसबरोबर (केंद्राचं इमिग्रेशन अंमलबजावणी खातं) करार केल्याच्या बातम्या सतत येतात. मला तीन गोष्टी नीट कळायला हव्यात. गाडी थांबवल्यावर पोलीस स्टेटस विचारू शकतो का आणि उत्तर द्यावंच लागतं का? जवळ कोणते कागद ठेवायचे? आणि घरात चोरी झाली किंवा कुणी त्रास दिला, तर ९११ला फोन करायचा की नाही? व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीत 'काहीही बोलू नका' एवढंच आहे, त्याने भीती वाढली.

अभय_ऑस्टिन

नीलांबरीताई, थांबवणारा कोण आणि त्याच्या खात्याने कोणता करार केलाय, यावर बरंच अवलंबून आहे.

२८७(जी) हे १९९६ साली इमिग्रेशन कायद्यात आलेलं कलम. त्याखाली स्थानिक खातं आयसशी लेखी करार करतं आणि नेमलेले डेप्युटी (त्या खात्याचे पोलीस अधिकारी) इमिग्रेशनचं काही काम करू शकतात. जेल मॉडेलमध्ये तुरुंगात आणलेल्या माणसाचीच चौकशी होते. वॉरंट सर्व्हिस मॉडेलमध्ये डेप्युटी तुरुंगातच आयसचं वॉरंट बजावतो, बाकी काही नाही. टास्क फोर्स मॉडेल मात्र रस्त्यावरचं आहे. रोजची गस्त घालतानाही डेप्युटी इमिग्रेशनची चौकशी आणि अटक करू शकतो. हे मॉडेल २०१२ मध्ये गुंडाळलं होतं, जानेवारी २०२५ मध्ये परत आणलं. तेव्हा देशभर सगळे मिळून सुमारे १३५ करार होते, वर्ष संपायच्या आत ते हजारावर गेले. प्रशिक्षण पूर्वी साधारण चार आठवड्यांचं असे, टास्क फोर्ससाठी ते आता सुमारे ४० तासांचं ऑनलाइन झालंय. इमिग्रेशन कायद्याची गुंतागुंत पाहता ४० तास फारच तोकडे आहेत, आणि त्यातून होणाऱ्या चुका रस्त्यावरच्या माणसाला भोगाव्या लागतात.

टॅरंट काउंटीच्या शेरीफकडे २०१७ पासून जेल मॉडेल आहे. टेक्सासच्या २०२५च्या एसबी ८ कायद्याने तुरुंग चालवणाऱ्या शेरीफांना असा करार करणं बंधनकारक केलंय. आयसच्या संकेतस्थळावर खात्यांची यादी आहे, तिथे प्रत्येक नावापुढे मॉडेल लिहिलेलं असतं. शेरीफ आणि शहराचे पोलीस ही वेगळी खाती आहेत, दोन्ही शोधा.

करार नसलेल्या शहरातला पोलीसही प्रश्न विचारू शकतो. टेक्सासच्या २०१७च्या एसबी ४ने कायदेशीररीत्या थांबवलेल्या किंवा अटक केलेल्या माणसाला स्टेटस विचारायची मुभा पोलिसाला दिली आणि शहरांना ती काढून घ्यायला मनाई केली. मात्र रोड्रिग्ज (२०१५) या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की, ट्रॅफिक स्टॉपचं काम संपल्यावर वेगळ्या ठोस संशयाशिवाय माणसाला थांबवून ठेवता येत नाही. तिकीट हातात पडलं की शांतपणे विचारा, 'मी जाऊ शकतो का?' हो म्हटलं तर निघा.

चालकाला लायसन्स आणि इन्शुरन्स दाखवावाच लागतो. स्टेटसबद्दल गप्प राहायचा हक्क आहे. पण खोटं कधीही बोलू नका. विशेषतः 'मी अमेरिकन नागरिक आहे' हे खोटं वाक्य पुढे कायमची बंदी आणू शकतं आणि त्याला माफी जवळजवळ नाही.

रेवती_गोखलेवाडी

कागदांबद्दल. 'काहीही दाखवू नका' हा सल्ला ज्यांच्याकडे काहीच कागद नाहीत, त्यांच्यासाठी लिहिलेला आहे. वैध स्टेटस असलेल्यांनी तो जसाच्या तसा घेऊ नये. १८ वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा, असा केंद्रीय कायदा आहे. तो न बाळगणं हा लहान का होईना, गुन्हा आहे. वर्षानुवर्षं तो कुणी वापरत नव्हतं, एप्रिल २०२५ पासून सरकारने त्यावर जोर दिलाय. ग्रीन कार्ड, वर्क परमिट कार्ड किंवा आय-९४ (प्रवेशाची आणि राहण्याच्या मुदतीची नोंद) हे तो पुरावा म्हणून चालतात.

नवऱ्याच्या बाबतीत नेमकं इथे चुकू शकतं. नवख्या डेप्युटीला पासपोर्टवरचा संपलेला व्हिसा दिसतो आणि तो 'ओव्हरस्टे' (मुदतीपलीकडे राहणं) समजतो. व्हिसा हा फक्त देशात शिरण्यासाठी असतो, राहण्याची मुदत आय-९४वर ठरते. एक्स्टेन्शन मंजूर झाल्यावर नवा आय-९४ हा आय-७९७ मंजुरीपत्राच्या खालच्या भागात असतो. सीबीपीच्या (सीमेवर तपासणी करणारं खातं) संकेतस्थळावर मात्र शेवटच्या प्रवेशाचा जुनाच आय-९४ दिसत राहतो, त्यावरची तारीख उलटलेली असेल तर गैरसमज पक्का होतो. म्हणून आय-७९७ची पूर्ण प्रत, खालच्या भागासकट, गाडीत ठेवा. तुम्ही एच-४चं वेगळं मंजुरीपत्र ठेवा, नवऱ्याचं तुम्हाला लागू होत नाही.

सासू-सासऱ्यांचे आय-९४ ते उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी डाउनलोड करून तारखा तपासा. बी-२ला साधारण सहा महिने मिळतात, पण दोघांना वेगळ्या तारखा पडू शकतात. खिशात आय-९४ची छापील प्रत आणि पासपोर्टच्या फोटोपानाची झेरॉक्स द्या, मूळ पासपोर्ट घरी राहू द्या. कागद फक्त फोनवर ठेवू नका. ते दाखवायचे म्हणून अनलॉक केलेला फोन पोलिसाच्या हातात जातो.

साधना_लीगल

रस्त्यावरच्या प्रश्नापेक्षा तुरुंगातले बोटांचे ठसे जास्त महत्त्वाचे आहेत. काउंटी जेलमध्ये घेतलेले ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीच्या डेटाबेसमध्ये पडताळले जातात. हे २००८ साली सुरू झालेल्या सिक्युअर कम्युनिटीज या केंद्रीय कार्यक्रमामुळे. न्यू जर्सी, इलिनॉय, कॅलिफोर्नियात स्थानिक पोलिसांवर कितीही निर्बंध असोत, ठशांची ही देवघेव तिथेही होते. त्यामुळे ट्रॅफिक स्टॉपचं रूपांतर अटकेत होऊ न देणं, यावर लक्ष द्या.

टेक्सासमध्ये हे बोलणं सोपं, करणं अवघड आहे. लागो व्हिस्टा इथल्या ॲटवॉटर खटल्यात (२००१) सीटबेल्ट न लावल्याबद्दलची अटकही घटनेत बसते, असा निकाल आहे. नुसत्या वेगमर्यादेच्या गुन्ह्यात मात्र चालकाने तिकिटावर सही केली, तर राज्याच्या कायद्याप्रमाणे अटक न करता सोडावं लागतं. तिकिटावरची सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, कोर्टात हजर राहण्याचं वचन आहे. सही नाकारू नका. आणि त्या तारखेला विसरू नका, कारण न भरलेल्या तिकिटावर वॉरंट निघतं आणि पुढच्या स्टॉपला सरळ जेल.

अटक झालीच तर आयस जेलला डिटेनर पाठवू शकतं, फॉर्म आय-२४७ए. सुटकेच्या वेळेनंतर आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवण्याची ती विनंती असते. सोबतच्या वॉरंटवर आयस अधिकाऱ्याची सही असते, न्यायाधीशाची नसते. पेनसिल्व्हेनियाच्या एका खटल्यात तिसऱ्या सर्किट कोर्टाने (केंद्रीय अपील न्यायालय) २०१४ मध्ये सांगितलं की, डिटेनर पाळणं काउंटीवर बंधनकारक नाही. टेक्सासमध्ये एसबी ४मुळे ते पाळावंच लागतं.

मग येते प्ली, म्हणजे आरोपाला कोर्टात दिलेलं उत्तर, बहुधा कबुली. टेक्सासमधली 'डिफर्ड ॲडज्युडिकेशन' (दोषी न ठरवता काही काळ देखरेखीखाली ठेवणं) राज्याच्या दृष्टीने दोषसिद्धी नाही, इमिग्रेशनच्या दृष्टीने आहे. दुकानातली छोटी चोरी, घरगुती भांडणातला आरोप यात लोक 'केस मिटली' म्हणून सही करतात आणि ग्रीन कार्डच्या वेळी अडकतात. पडिया विरुद्ध केंटकी (२०१०) नुसार फौजदारी वकिलाने हा धोका सांगायलाच हवा. तुम्ही स्वतः विचारा आणि उत्तर लेखी घ्या. दारू पिऊन गाडी चालवल्याची नुसती अटकही परराष्ट्र खात्याला व्हिसा रद्द करायला पुरते. स्टेटस त्याने लगेच जात नाही, पण भारतात गेलात तर नवा व्हिसा घ्यावा लागतो.

मंदार_फिनिक्स

साधनाताई, सगळं बरोबर, पण सगळी जबाबदारी लोकांवरच टाकू नका. मॅरिकोपा काउंटीत २८७(जी)खाली शेरीफ जो आर्पायोच्या खात्याने लॅटिनो वस्त्यांत गाड्या थांबवण्याची मोहीमच चालवली. मेलेंड्रेस खटल्यात २०१३ साली संघीय न्यायालयाने हे वंशावरून लक्ष्य करणं होतं, घटनाबाह्य होतं, असा निकाल दिला. त्यांच्याकडचा रस्त्यावरचा अधिकार केंद्राने २००९ मध्येच काढून घेतला होता. आज तोच अधिकार शेकडो खात्यांना परत दिलाय, तोही कमी प्रशिक्षणात. दिसण्यावरून थांबवलं असं वाटलं, तर त्याच दिवशी वेळ, रस्ता, गाडीचा नंबर, बॅज क्रमांक लिहून ठेवा आणि बॉडी कॅमेऱ्याच्या चित्रणाची लेखी मागणी लगेच करा. खाती ते ठरावीक दिवसांनी पुसतात.

रेवती_गोखलेवाडी

९११चं राहिलं. फोन करा. एसबी ४मध्येच लिहिलंय की, बळी किंवा साक्षीदाराला स्टेटस विचारायचं नाही; तपासासाठी गरज असेल किंवा त्यांना मिळू शकणाऱ्या व्हिसाची माहिती द्यायची असेल तरच. घरातल्या हिंसेच्या बाबतीत हे एच-४वरच्या बायकांना मुद्दाम सांगते, कारण 'पोलीस बोलावलास तर तुलाच परत पाठवतील' ही धमकी फार चालते. मारहाण सोसणाऱ्या एच-४ पत्नीला नवऱ्यावर अवलंबून न राहता आय-७६५व्ही फॉर्मवर वर्क परमिट मागता येतं. गंभीर गुन्ह्याच्या तपासात मदत केली, तर यू व्हिसाचा (गुन्ह्याच्या बळींसाठीचा) मार्ग असतो. त्यासाठी पोलिसांनी सही केलेलं आय-९१८ पुरवणी बी लागतं, आणि वर्षाला १०,०००चीच मर्यादा असल्याने रांग लांब आहे. तक्रार नोंदवल्यावर रिपोर्ट नंबर घेतल्याशिवाय पोलिसाला जाऊ देऊ नका.

नीलांबरी_डी

खूप मदत झाली. एकच शेवटचं. सासऱ्यांना कुठे नेलं तर शोधायचं कसं?

अभय_ऑस्टिन

आधी काउंटी जेलची यादी, मग आयसचा ऑनलाइन डिटेनी लोकेटर. त्यात ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला क्रमांक) किंवा नाव आणि जन्मदेश लागतो. बी-२वाल्यांना आधीचा ए-नंबर बहुधा नसतो, म्हणून नावानेच शोधावं लागतं आणि ते तंतोतंत जुळावं लागतं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टच्या 'गिव्हन नेम'मध्ये मिसळलेलं असतं. मधल्या नावासकट, मधल्या नावाशिवाय आणि आडनाव पुढे घेऊन, असं तिन्ही प्रकारे शोधा. भारतीयाला अटक झाल्यावर वकिलात आपोआप कळवली जात नाही, मागणी करावी लागते. टेक्साससाठी ती ह्यूस्टनची. सासऱ्यांच्या खिशातल्या कागदावर 'मला मराठी दुभाषी हवा आहे आणि भारतीय वकिलातीला कळवा' हे इंग्रजीत ठळक लिहा, खाली तुमचे दोघांचे फोन नंबर. आणि मराठीत त्यांच्यासाठी एक ओळ: न कळणाऱ्या कुठल्याही कागदावर सही करू नका.