छताला हूड ठोकलाय, तरी जीआयचा धूर पोराच्या नाकातच

शिरोलीकर:
मंडळी, ग्रिल-गेटचं छोटं शेड आहे, तीन वेल्डर. सध्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपच्या रेलिंगचं काम चाललंय, सगळं रॉड-वेल्डिंगवर. टेबलाच्या वर पत्र्याचा हूड, त्यात 18 इंची एक्झॉस्ट फॅन. धूर वर जाताना डोळ्यांना दिसतो. तरी एका पोराला रात्री हुडहुडी भरते, तोंडाला गोडसर चव येते, दुसऱ्या दिवशी गडी ठणठणीत. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी तर हमखास. दूध-गूळ चालू आहे. फॅन मोठा घेऊ का?

जुना_फिटर:
हा जस्ताचा ताप. दूध-गुळाने फक्त मालकाच्या मनाचं समाधान होतं. जोडाच्या दोन्ही बाजूंनी इंचभर जस्त ग्राइंडरने काढा (मास्क लावून), मगच रॉड टेकवा. आणि छातीत आवळल्यासारखं झालं तर घरी न पाठवता डॉक्टरकडे न्या.

ब्लोअरवाला:
फॅनला हात लावू नका, हूडची जागा चुकलीये. पोरगा कामावर वाकतो, धूर वर चढतो, मध्ये त्याचं तोंड. तुमचा हूड धूर ओढतोय तो त्याच्या नाकावरून!

धूर ओढणाऱ्या पाइपाचं तोंड टेबलाच्या मागच्या कडेला आणा, जोडापासून 8 इंचांवर. फुंकर मारून दिवा विझतो. श्वास आत ओढून विझवून दाखवा. 6 इंची पाइपाला 8 इंचांवर 450-500 सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) पुरतात, 16 इंचांवर 1800 च्या आसपास लागतात. तोंडाभोवती पत्र्याची रुंद कॉलर लावली की मागची फुकटची हवा येत नाही, पाव हिस्सा वाचतो. फक्त भिंतीतला साधा पात्यांचा एक्झॉस्ट फॅन पाइपाला जोडू नका, गुदमरतो. सेंट्रिफ्युगल ब्लोअरच हवा.

शिरोलीकर:
पुढे एमआयजी (तार आणि गॅसवरचं वेल्डिंग) घ्यायचा विचार आहे. तिथेही हेच?

ब्लोअरवाला:
हो, पण ओढ बेतानं. जास्त झाली तर गॅसचं कवच उडतं आणि जोडात भोकं पडतात. बाकी 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यातलं कलम 14 वाचा, धूर निघतो तिथेच जमेल तितक्या जवळून ओढा असंच लिहिलं होतं.

शिरोलीकर:
जुना ब्लोअर मिळाला, काल पाइप लावून अगरबत्ती धरून बघितली. 8 इंचांवर धूर आडवा पळाला, दीड फुटावर ढिम्म, सरळ वर. आता पोरांना सांगतोय, रेलिंगचा लांब पाइप आला की ब्लोअरच्या पाइपाचं तोंड जोडाजवळ सरकवा. सरकवत नाहीत लेकाचे. खाली चाकं लावतो.