केआ बाउमनचं 1927 चं फ्रेंच विजेतेपद: खेळ की नशीब?

खडूफळा:
काल टेनिसच्या फ्रेंच चॅम्पियनशिपच्या (आताचं फ्रेंच ओपन) महिला सिंगल्सच्या जुन्या विजेत्यांची यादी चाळत होतो, 1925 लेंग्लेन, 1926 लेंग्लेन, 1928 पासून सलग तीन वर्षं हेलन विल्स, आणि मधेच 1927 ला केआ बाउमन, नेदरलँड्स. हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. दोन महाराण्यांच्या मधे ही कुठून आली? लेंग्लेन नव्हती म्हणून लॉटरी लागली की बाई खरंच भारी होती?

दुसरीसर्व्हिस:
लेंग्लेन नव्हती हे खरंय. 1926 मधे ती पैसे घेऊन खेळायला लागली आणि तेव्हाच्या नियमाने व्यावसायिक खेळाडूंना या स्पर्धांची दारं बंद, ती थेट 1968 ला उघडली. पण म्हणून लॉटरी कशी? समोर जे आले त्यांना हरवलं ना. फायनलला दक्षिण आफ्रिकेची आयरीन पीकॉक होती, 6-2, 6-4, सरळ दोन सेट, विषय संपला. आणि बाई काही अचानक उगवलेली नव्हती, 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला हेंड्रिक टिमरबरोबर मिक्स्ड डबल्सचं ब्राँझ होतं तिच्याकडे. त्यानंतर टेनिस ऑलिंपिकमधूनच गेलं ते 1988 ला परत आलं, म्हणजे दुसरं पदक मिळवायचा चान्सच नव्हता बिचारीला.

नेटकॉर्ड:
त्याच मिक्स्डचं गोल्ड हेझल वाइटमन आणि नॉरिस विल्यम्सने घेतलं होतं. हा विल्यम्स म्हणजे टायटॅनिकमधून वाचलेला! विषयांतर झालं, सॉरी, पण राहवलं नाही.

खडूफळा:
हे भारी आहे 😄 म्हणजे रोलाँ गॅरोसवर, फ्रेंच ओपनच्या मैदानावर, जिंकलेली पहिली डच बाई म्हणायची ना?

दुसरीसर्व्हिस:
इथेच सगळे गंडतात. 1927 ची स्पर्धा पॅरिसजवळच्या सँ-क्लूला झाली, रोलाँ गॅरोस स्टेडियम बांधून झालं 1928 ला. त्यामुळे सिंगल्सचं विजेतेपद त्या मैदानावरचं नाहीच. डबल्सचं मात्र आहे, 1929 ला लिली दे आल्वारेझला जोडीला घेऊन. ही स्पॅनिश आल्वारेझ 1926 ते 28 लागोपाठ तीन वर्षं विम्बल्डनची फायनल हरलेली, मला तर बाउमनपेक्षा तिच्याबद्दलच जास्त वाईट वाटतं.

बेसलाइनवाली:
माझं जरा वेगळं मत. 1927 ला विल्स पॅरिसला असती तर बाउमन जिंकली असती का? मला नाही वाटत. पण ड्रॉमधे, म्हणजे स्पर्धेतल्या खेळाडूंच्या यादीत, कोण नव्हतं हे बघून विजेतेपदं कापायला लागलो तर निम्म्या याद्या कोऱ्या होतील. आणि हे बघा ना, तिच्यानंतर एकाही डच बाईला ग्रँड स्लॅमचं सिंगल्स मिळालेलं नाही. बेटी स्टोव्ह 1977 ला विम्बल्डनच्या फायनलला गेली तर व्हर्जिनिया वेडने हरवलं, किकी बर्टन्स 2016 ला पॅरिसच्या सेमीपर्यंत आली, तिथे सेरेना. पुरुषांत क्रायचेकने 1996 ला विम्बल्डन मारलं म्हणून, नाहीतर देशाच्या खात्यात एकटी बाउमनच राहिली असती. 1998 ला गेली ती, चौऱ्याण्णव वर्षांची होऊन, म्हणजे क्रायचेकचा विजय तिच्या हयातीतच झाला.

नेटकॉर्ड:
तिचा तो ब्राँझवाला जोडीदार टिमर, तोही 1998 लाच गेला.

खडूफळा:
अरे बापरे. बरं, लॉटरी हा शब्द मागे घेतो. आता आल्वारेझबद्दल वाचायला बसतो, तीन फायनल हरणं म्हणजे काय चेष्टा आहे का.