मदत हवी आहे: शहरालगतच्या गावाचा जमिनीचा प्रश्न कोणत्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडावा?

ओढ्याकाठची:
नमस्कार मंडळी. कोल्हापूरला खेटून असलेल्या एका गावची मी ग्रामपंचायत सदस्य. शहरालगतच्या वाढीवर देखरेख करणाऱ्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या ४२ गावांतलं आमचं एक. १९७२ साली महापालिका झाली, पुढे दशकानुदशकं हद्द तीच राहिली आणि शहर मात्र आमच्या उसाच्या रानात वाढत गेलं.

एकेक-दोनदोन गुंठे विकले गेले. तुकडेबंदीमुळे (शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी) स्वतंत्र सातबारा होईना, म्हणून कुणाचं नाव सामाईकात लागलं, कुणाकडे नुसता मुद्रांकावरचा कागद. घरफाळा आम्ही घेतो, पण त्या कागदावर बँक कर्ज देत नाही. बांधकाम परवानगी प्राधिकरणाची, गटारीचं गाऱ्हाणं मात्र आमच्या दारात. सांडपाणी ओढ्यातून पंचगंगेत. स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी गावठाणाची असते. ही सगळी वस्ती गावठाणाबाहेर, म्हणजे तिथंही नाही.

आम्ही काही जणांनी गटनंबरवार टिपण केलंय: कोणत्या घराला कसला कागद, रस्ता किती फुटी, पाणी कुठं जातं. इतर देशांत अशा वस्त्यांचं काय केलं हे समजून घ्यायचंय, आणि आमचंही सांगायचंय. जागतिक बँकेची वॉशिंग्टनची जमीन परिषद, वर्ल्ड अर्बन फोरम, ग्लोबल लँड फोरम अशी नावं सापडली. आमच्यासारख्यांनी कुठं जावं? खर्चाचं काय? सातबाऱ्यावरची नावं दाखवावीत का?

मोजणीदार:
ताई, टिपण सोन्यासारखं आहे. वॉशिंग्टनला संशोधक आणि सरकारी अधिकारी जास्त. सारांश इंग्रजीत लागतो. विद्यापीठातल्या भूगोलाच्या कुणाला सहलेखक घ्या. वर्ल्ड अर्बन फोरम दर दोन वर्षांनी, २०२४ला कैरोत झाला. नोंदणी मोफत, प्रवास आपला. ग्लोबल लँड फोरममध्ये शेतकरी आणि आदिवासी संघटनांचा आवाज मोठा असतो. पण मी म्हणेन, आधी आपल्या देशातली इंडिया लँड अँड डेव्हलपमेंट कॉन्फरन्स गाठा. खर्च झेपेल आणि पुढची माणसं तिथंच भेटतील.

नावं अजिबात नकोत. गटनंबरही झाका. अर्ध्या कागदावर राहणाऱ्यांना उद्या नोटीस आली तर ती तुमच्या नकाशामुळे यायला नको.

वाचायला दोन गोष्टी. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्नसुरक्षा समितीत मान्य झालेली जमीनधारणेची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं. त्यातलं दहावं प्रकरण अनौपचारिक धारणेवरच, म्हणजे पक्क्या कागदाविना जमीन ताब्यात असण्यावरच आहे. आणि यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या शहरं-वस्त्यांवरच्या संस्थेची शहर-ग्रामीण दुव्यांबाबतची २०१९ची तत्त्वं.

रंकाळा_चौपाटी:
मी शहरातला, हद्दवाढीच्या बाजूचा, म्हणजे आसपासची गावं शहरात घ्यावीत असं म्हणणारा. केएमटीच्या बस, दवाखाने, बाजार सगळ्याचा ताण शहरावर पडतो, तेही टिपणात हवं. नाहीतर ऐकणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळेल.

ओढ्याकाठची:
दादा, बरोबर आहे. गावकऱ्यांना भीती जमिनीवर आरक्षण पडण्याची आणि वाढत्या घरफाळ्याची, पण शहराची बाजूही लिहिते. मोजणीदार दादा, नावं आणि गटनंबर आजच काढून टाकते. नकाशात वस्तीवार रंग देऊ. आधी देशातलीच परिषद धरू. मराठीतून सारांश लिहून इथंच टाकला, तर इंग्रजी करायला कुणी हात लावेल का?

मोजणीदार:
टाका. मी करतो.