रस्त्यावरचे फोटो: आपल्या गल्लीतले आणि परगावचे (अनुभव लिहा)

मंडईची_पिशवी

काल मंडईत लसूण घेत होते. पलीकडच्या गाळ्यावरच्या मावशींनी मान वर केली आणि म्हणाल्या, "तू ती फोटोवाली ना गं? हा बघ, अजून लावलाय." कॉलेजात असताना त्यांचा फोटो काढला होता आणि नंतर प्रिंट नेऊन दिली होती. तो फोटो फ्रेम करून मागच्या खांबाला टांगलाय, शेजारी लक्ष्मी. कोथिंबिरीवर पाणी मारताना हात वर गेलेला, थेंब हवेत आणि बल्बचा उजेड नेमका थेंबांवर. घरी आल्यापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून धागा काढते.

तेव्हा बाबांचा फिल्मचा कॅमेरा वापरायचे. रोलमध्ये ३६ फोटो, धुलाई वेगळी, त्यामुळे आधी नुसतं उभं राहून बघायचं. आपली पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ ची. मधल्या मनोऱ्याभोवती गाळे पसरलेत आणि सकाळचं ऊन आत तिरकं येतं. ते थोडाच वेळ एखाद्या रांगेवर राहतं आणि सरकतं. कुठल्या महिन्यात कुठल्या रांगेवर, हे मला पाठ झालं होतं.

पुढे बनारस, कोलकाता, हंपी झालं, पण करते अजून तेच. ऊन कुठून येतंय ते बघायचं, जागा धरायची आणि कोणी त्यात येईपर्यंत थांबायचं. परगावी गेल्या गेल्या आपल्याला फक्त रंग दिसतात. फेटे, बांगड्यांची दुकानं, भगव्या कफन्या. ते फोटो सगळ्यांकडे असतात. त्याच्या पलीकडचं दिसायला डोळ्याला सवय लागते, आणि ती सवय घराजवळच लागते, जिथे रोज जाता येतं. याबद्दल माझं मत पक्कं आहे.

तुम्ही कुठे काढता? ओळखीच्या गल्लीत जमतं की परगावीच हात मोकळा होतो? लोक काय म्हणतात? सगळं लिहा.

गिरगावकर

दादर फूलबाजार, पहाटे. बास.

एकच नियम. हमालाच्या वाटेत उभं राहायचं नाही. डोक्यावर झेंडूचा भारा असतो, खालचं दिसत नाही, "बाजू बाजू" करत येणारा माणूस तुमच्यासाठी थांबू शकत नाही. मी भिंतीला पाठ लावून एका जागी उभा राहतो. थोड्या वेळाने फूलवाले तुम्हाला विसरतात, मग खरं काम सुरू.

दिवसा रस्त्यावर माझं ठरलेलं आहे: फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २८ मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, फोकस हाताने ३ मीटरवर लावून सोडून द्यायचा. साधारण दीड मीटरपासून पलीकडच्या फुटपाथपर्यंत सगळं धारदार येतं. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, तुम्ही माणसाकडे बघता. फूलबाजारात मात्र हे चालत नाही, उजेडच नसतो. तिथे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० किंवा वर. नॉइज (दाणेदारपणा) येतो, येऊ दे.

पोळीभाजी

काय सुरेख धागा! पोळ्या चालल्यात, नंतर लिहिते. लसूण काय भाव होता गं मंडईत?

मंडईची_पिशवी

गावठी महागच आहे अजून. पण मावशींनी वर कोथिंबीर घातली :)

म्युनिकहून_मिरज

इथे कॅमेरा डोळ्याला लावला की लोक थांबतात आणि सरळ विचारतात, कशासाठी? जर्मनीत १९०७ चा कायदा आहे, ज्याचा चेहरा आहे त्याच्या संमतीशिवाय फोटो प्रसिद्ध करता येत नाही. मिरवणुका, सभा किंवा देखाव्यात सहज आलेली माणसं यांना सूट आहे, पण रस्त्यातल्या एकट्या माणसाचा चेहरा टिपून कुठेही टाकला असं नाही चालत. आल्या आल्या हात बांधल्यासारखं वाटायचं. मग पाठमोरी माणसं, सावल्या, ट्रामच्या काचेतली प्रतिबिंबं असं शोधायला लागलो. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, ओल्या रुळांवर ट्रामचा दिवा लांबून सरकत येतो आणि छत्रीखालचा माणूस नुसता काळा आकार होतो. चेहरा नसताना माणूस चालण्यावरून कसा ओळखू येतो ते मला इथे कळलं.

सुट्टीत मिरजेला आलो की सतारमेकर गल्लीत जातो. छताला भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. कारागीर म्हणतात, "काढा की, फक्त भोपळ्याला हात लावू नका." पोरं "आमचापण एक" म्हणत रांगेत उभी. इथल्या शिस्तीमुळे आता तिथेही आधी विचारतो. विचारल्यावर माणूस क्षणभर ताठ होतो, पुन्हा कामाला लागला की मग काढायचा.

नवखा_बाबू

सगळ्यांचं वाचतोय. एक प्रश्न, सुरुवातीला कोणता कॅमेरा घ्यावा? बजेट फार नाही.

गिरगावकर

बाबू, सध्या काहीच घेऊ नका. खिशातला फोन घ्या आणि आधी त्याची काच पुसा, निम्म्या फोनांवर बोटांचं तेल असतं आणि दिव्यांभोवती धुरकट वलय येतं. बऱ्याच फोनांत पॉवरचं बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो आणि आवाजाच्या बटणाने फोटो निघतो, सेटिंगमध्ये बघा. म्हणजे स्क्रीनकडे बघायलाच नको. ते हाताला बसेपर्यंत घरापासून स्टेशनपर्यंतचा एकच रस्ता धरा.

रत्नांग्रीचा_पाऊस

आणि घेतलाच कॅमेरा तर बुरशीपासून जपा!! आमच्याकडे आषाढ-श्रावणात कपाटात ठेवलेल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. निळे मणी गुलाबी झाले की पाणी प्यायले समजायचं, जुन्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होतात. तो तवा परत स्वयंपाकाला वापरू नका, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढायला जाऊ नका, काचेवर वाफ धरते. बॅगेतच दहा-पंधरा मिनिटं ठेवा.

पोळीभाजी

आले. मला बायकांचा अनुभव लिहायचाय. आपण कॅमेरा घेऊन एका जागी उभ्या राहिलो की दहा मिनिटांत कोणीतरी येतं, काय ताई, कुठल्या पेपरातून? किंवा नुसतंच शेजारी उभं राहतं. पुरुष तासभर टपरीवर उभा राहिला तरी त्याला कोणी विचारत नाही. मी यावर उपाय काढलाय, भाजीची पिशवी बरोबर ठेवते. पिशवी असली की बाई बाजारातलीच होते. आणि कॅमेरा पोटाशी धरून वरून बघते, पडदा वर दुमडतो त्याचा. जुन्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यात असंच खाली मान घालून बघायचे. शिकागोची विवियन मायर मुलं सांभाळायचं काम करता करता असेच फोटो काढायची, तिच्या निगेटिव्ह २००७ मध्ये लिलावात निघाल्यावर लोकांना कळलं.

आणि आपल्या होमाई व्यारावाला! जे. जे. मध्ये शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून तो अवजड स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन पुरुषांच्या घोळक्यात उभ्या राहायच्या. मला कोणी टोकलं की त्यांची आठवण काढते आणि पाय रोवून उभी राहते.

सांजवात

पोळीभाजीताई, अगदी अगदी. माझ्यामागे एकजण दोन गल्ल्या आला होता. शेवटी एका शिंपीकाकांच्या दुकानात जाऊन बसले, काकांनी चहा मागवला आणि तो गेल्यावर म्हणाले, "आता काढ माझा फोटो." तोच माझा सगळ्यात आवडता आहे. तोंडात टाचण्या धरल्यात त्यांनी.

पोळीभाजी

काकांना माझा नमस्कार. किती आधार वाटला असेल तुला.

पणजीची_पोर

जरा दुसरी बाजू लिहिते, राग मानू नका. माझी मावशी पणजीत फोंतेन्हासमध्ये राहते. पिवळी-निळी घरं, सगळ्यांना माहीत आहेत. सकाळी दार उघडलं की पायरीवर कोणीतरी पोज देऊन बसलेलं. कपडे बदलायला पडदा धरतात, खिडकीतून आत डोकावतात. दुपारी झोपायची सोय नाही. आता घराघरावर फोटो काढू नका म्हणून पाट्या लागल्यात. तिथे माणसं राहतात हो! रस्ता सगळ्यांचा, पायरी मावशीची. ज्यांना बाजार टिपायचाय त्यांनी शुक्रवारी म्हापशाला जा, चवरीस (गोव्याचं सॉसेज) घ्या, पाव घ्या, मग कॅमेरा काढा. विकत घेणाऱ्या माणसाशी लोक बोलतात.

मंडईची_पिशवी

राग कसला, हे लिहायलाच हवं होतं. मावशींना सांग, मी आले तर लांबून बघून जाईन.

गिरगावकर

पणजीची_पोर, चवरीस म्हापशाचाच. +१००

क्योतोतली_सई

इथे जपानात क्योतोच्या गिओनमध्येही हेच झालं. गेइशांच्या मागे लोक धावायला लागले, म्हणून २०१९ पासून खाजगी गल्ल्यांत फोटोला मनाई आहे, दहा हजार येन दंडाची पाटी आहे. आणि इथे घेतलेल्या फोनचा खट्ट आवाज बंदच होत नाही, कंपन्यांनीच तसं ठरवलंय. सुरुवातीला अडचण वाटायची. आता आवाज झाला की मान लववते, समोरचा पण लववतो.

बाकी नंतर, मुलीला आणायला चाललेय.

लाल_डबा

एसटीच्या खिडकीतून कोणी काढत नाही का? शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, खिडकीची चौकट मुद्दाम फोटोत घ्या. छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी अँबॅसिडर गाडीचं दार, काच, आरसा यांच्या चौकटीतून भारत टिपला, तोही रंगीत, गंभीर फोटो म्हणजे कृष्णधवलच असं सगळे धरून बसलेले असताना. माझ्यासाठी एसटी म्हणजे तेच. स्टँडवर गाडी थांबली की खाली काकडीवाला, वर हात लांब केलेली आजी, मध्ये सुटे पैसे. स्वारगेट ते पंढरपूर या रस्त्यावर मला अजून नवीन दिसतं.

दिवेघाट

लाल_डबा, पंढरपूर म्हणालात आणि राहवलं नाही. वारीत दरवर्षी दिवे घाटात फोटोवाल्यांची ही गर्दी, वरच्या वळणावर जागा धरून. मी आता सासवडला मुक्कामावर जातो. पाय चेपणारी माणसं, वाळत घातलेली लुगडी, चुलीचा धूर. एका माळकरी बाबांनी मला खाली बसवलं, "माउली, आधी चहा, मग तुमचं यंत्र." चहा झाल्यावर त्यांनी पत्ता सांगितला, मी वहीत लिहून घेतला आणि प्रिंट पोस्टाने पाठवली. त्यांच्या नातवाचा फोन आला, घरात आजोबांचा एकट्याचा असा हा पहिलाच फोटो म्हणे, बाकी सगळे लग्नातले.

फोनवर पाठवणं सोपं आहे हे मान्य. पण ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना कागद द्या.

घाटवाट

बनारसबद्दल. मणिकर्णिकेला काढू नका, एवढंच सांगतो. नावेतून लांबूनही नको. कोणाचा तरी बाप जळतोय तिथे. थंडीत सकाळी धुक्यात बाकीचे अख्खे घाट आहेत की, धोबी कपडे आपटताना पाणी उडतं ते बघा.

म्युनिकहून_मिरज

+१. आणि झोपलेली, भीक मागणारी माणसं पण नकोत. त्यांना नाही म्हणायची सोयच नसते.

नवखा_बाबू

सगळ्यांचे आभार. काच पुसली. आज स्टेशनच्या रस्त्यावर चावीवाल्याचा काढला, तो हसला. पुण्यात रविवारी कुठे जाऊ?

मंडईची_पिशवी

बाबू, मस्त! रविवारी जुना बाजार असतो (बुधवारी पण). लवकर गेलास तर माल मांडताना दिसतो. मी येणार आहे, कोणी येतंय का?

पोळीभाजी

मी येते पिशवी घेऊन. लेकीची चित्रकलेची परीक्षा आहे, तिला सोडून साडेआठपर्यंत पोचेन. पितळी किसणी मिळते का बघायचीय.

दिवेघाट

किसणीचं माहीत नाही, खलबत्ते असतात. मी पण येतो.