पोटरीतला गोळा आणि पोटातली इंजेक्शनं

चोपड्याची वहिनी: काल इथे एकाने लिहिलं की कोरोनातल्या रक्ताच्या गुठळ्या म्हणजे दवाखान्यांनी बिल फुगवायला काढलेलं खूळ, रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची इंजेक्शनं निव्वळ लूट, घरी रोज एक ॲस्पिरिन घेतली तरी भागलं असतं. मला रात्रभर झोप नाही. एप्रिल 2021 मध्ये माझे धाकटे दीर अकरा दिवस ऑक्सिजनवर राहून घरी आले. चौथ्या दिवशी म्हणाले, डाव्या पोटरीत गोळा आलाय. सासूबाईंनी तेल कोमट करून चोळलं, वाटी मी धरली होती. एकच पाय सुजलेला, लेंगा पोटरीवर तटतटलेला. दुसऱ्या सकाळी एकदम धाप लागली आणि ओट्यावरच गेले. हे खूळ?

रावेरचा केळीवाला: वहिनी, वाईट झालं. पण लिहिलं ते मीच, आणि मागे घेणार नाही. वडील नऊ दिवस आयसीयूत. रोज डी-डायमर म्हणजे ती गुठळ्यांची रक्ततपासणी, रोज पोटात सुई, विचारलं तर उत्तर नाही. केळीचा नवतीचा बाग पडत्या भावात व्यापाऱ्याला देऊन बिल भरलं. वडील गेलेच.

भुसावळची सिस्टर: दादा, विषाणूने रक्तवाहिनीचं आतलं अस्तर सुजतं, त्यात माणूस दिवसेंदिवस पडून, मग रक्त साकळतं. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकते. आणि ॲस्पिरिन? ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत जवळपास 15 हजार दाखल रुग्णांवर बघितलं, मृत्यू कमी झाले नाहीत.

धुळ्याचे मास्तर: भाऊ, मनं आयक. ताप डेंग्यूचा निघाला आणि कुणी तुझं वाचून ॲस्पिरिन दिली, तर रक्तस्राव होईल. याची जबाबदारी घेतोस?

रावेरचा केळीवाला: बिलावर बोला ना! दवाखान्याची माणसं एकमेकांना सांभाळणारच.

भुसावळची सिस्टर: मी कंत्राटावर होते, तीन महिने पगार नव्हता. पीपीई किटमध्ये चक्कर येऊन पडले तरी उठून सुया दिल्या. मला लुटारूंत धरू नका.

यावलचा नाना: ताई, तुमचा पगार थकला तरी बिलं थकली नाहीत. आम्हाला पक्की पावती अजून मिळालेली नाही.

रावेरचा केळीवाला: तेच तर! सिस्टर, एकच सांगा. हेपारिनच्या मोठ्या डोसने आयसीयूतले वाचले का?

भुसावळची सिस्टर: नाही. ऑगस्ट 2021 मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल छापून आले. वॉर्डातल्यांना पूर्ण डोसचा फायदा दिसला, आयसीयूतल्यांना नाही. तिथे गुठळी होऊ नये एवढ्यापुरता छोटा डोस देतात. डी-डायमर तर नुसत्या सुजेनेही वाढतो. वडिलांना कोणता डोस चाललाय, हे तुम्हाला सांगायलाच हवं होतं. एवढं तुमचं खरं.

रावेरचा केळीवाला: ॲस्पिरिनची ओळ काढतो. बिलाची राहील.

चोपड्याची वहिनी: राहू द्या. आम्हाला घरी सोडताना कागदावर आठ गोळ्या लिहून दिल्या होत्या. एक पाय सुजला तर लगेच या, असं कुठेच लिहिलं नव्हतं.